जोखमीच्या गुणांची परीक्षा

आशाताई घरी येतात आणि सीबॅकचा फॉर्म काढतात. वय किती, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला साखर आहे का. प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलावलं जातं. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. व्ही. मोहन यांनी २००५ मध्ये मधुमेहासाठी अशीच एक गुणपत्रिका मांडली. तिच्यात वय, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आई-वडिलांचा आजार या चारच गोष्टींवर शंभरपैकी गुण मिळतात. साठ किंवा त्याहून जास्त आले की जोखीम मोठी.

गुण ऐकून माणूस दोन प्रश्न विचारतो. जास्त आले म्हणजे आजार होणारच का? आणि हे गुण खरे कशावरून? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. होणारच असं नाही, जोखीम म्हणजे निकाल नव्हे. दुसरा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे, आणि तो विचारणाऱ्याला नीट उत्तर क्वचितच मिळतं. हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

१. घाटाखालचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव निघालं की लगेच विचारतात, घाटावरचं की घाटाखालचं? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. घाटाखाली पूर्णा वाहते आणि तिच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. वर खोल काळी, पाण्याचा निचरा न होणारी जमीन आणि खाली खारट भूजल. राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने दुष्काळी गावांच्या जोडीला या पट्ट्यातली ९३२ गावं वेगळी धरली, यावरून त्याचा पसारा कळेल. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. या पट्ट्यातल्या अनेक विहिरी आणि बोअर ती वरची मर्यादाही ओलांडतात.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत किडनीचा आजार हा घरोघरी बोलला जाणारा विषय आहे. वान धरणावरची १४० गावांची पाणीपुरवठा योजना याच भागासाठी आहे. पाण्यातल्या क्षारांचा दोष किती, उन्हातल्या कष्टाचा किती, रक्तदाब, साखर आणि अंगदुखीवर घेतलेल्या गोळ्यांचा किती, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. आंध्र प्रदेशातलं उद्दानम आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग इथेही शेतकरी कुटुंबांत असाच किडनीचा आजार दिसतो आणि तिथेही कारणांचा शोध चालूच आहे.

पण कारण पूर्ण सापडेपर्यंत थांबता येत नाही. किडनी पुष्कळ बिघडेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. पायावर सूज येते, भूक मरते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. गावातल्या प्रत्येकाची रक्ततपासणी लगेच होणार नसेल, तर आधी कोणाला न्यायचं हे ठरवावं लागतं. गुण उपयोगी पडतात ते इथे. संख्याशास्त्रज्ञ त्यांना जोखमीचं प्रारूप म्हणतात, आपण नुसतं गुण म्हणू.

२. हो किंवा नाही यात न मावणारा आजार

किडनीचं काम मोजायला रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. त्यात वय आणि लिंग मिळवून एका सूत्राने गाळणक्षमता काढतात, म्हणजे दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात याचा अंदाज. ९० च्या वर असेल तर उत्तम. ६० ते ८९ हा दुसरा टप्पा, ३० ते ५९ तिसरा, १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. (तिसऱ्याचे ४५ वर आणखी दोन भाग करतात. पहिल्या दोन टप्प्यांना आजार म्हणायचं तर लघवीतून प्रथिनं जाणं असा वेगळा पुरावा लागतो.)

या टप्प्यांना क्रम आहे. चौथा टप्पा तिसऱ्यापेक्षा वाईट आणि पाचवा चौथ्यापेक्षा. रक्तगटाचं तसं नसतं. ए गट बी गटाच्या वर नाही आणि खालीही नाही. किडनीच्या टप्प्यांना पायऱ्यांसारखा चढउतार आहे, पण पायऱ्यांची उंची सारखी नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाणं म्हणजे खाण्यापिण्यात आणि गोळ्यांत बदल, वर्षातून एक-दोनदा तपासणी. चौथ्यावरून पाचव्यावर जाणं म्हणजे पुष्कळदा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसची वेळ. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला तरी जाण्यायेण्यात बुडणारी मजुरी आणि सोबत जाणाऱ्याचा दिवस कोणी भरून देत नाही.

या रेषा माणसांनी आखलेल्या आहेत, हेही ध्यानात घ्यावं. गाळणक्षमता ६१ आणि ५९ असलेल्या दोन माणसांत निसर्गाने कुंपण घातलेलं नाही. शिवाय एकाच माणसाचं क्रिएटिनिन आज एक, पुढच्या महिन्यात दुसरं येतं. आदल्या दिवशी उन्हात राबला असेल, पाणी कमी प्यायला असेल, तरी आकडा सरकतो. म्हणूनच आजार ठरवायला किमान तीन महिने बिघाड टिकलेला दिसावा लागतो. साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी कुपोषणाच्या बाबतीत असाच मुद्दा आयुष्यभर मांडला. माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, तेव्हा सरासरी गरजेची एकच रेघ मारून तिच्या खालच्या प्रत्येकाला उपाशी मोजणं चूक, असं ते म्हणत. त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले. पण रेघेजवळच्या माणसांबद्दलची त्यांची सावधगिरी मला आजही पटते. रेघेच्या अगदी अलीकडचा आणि अगदी पलीकडचा यांच्यात गुण गोंधळले, तर तो सगळा दोष गुणांच्या माथी मारता येत नाही.

३. दोघांना समोर उभं करा

गुणांची परीक्षा कशी घ्यायची? खामगावच्या बाजारात कापसाच्या ग्रेडरची परीक्षा कशी घ्याल, तशीच. त्याच्या पुढे दोन मुठी ठेवा, एक वरच्या प्रतीच्या कापसाची, दुसरी कवडीची, आणि विचारा, यातला सरस कोणता? भाव विचारू नका, धाग्याची लांबी विचारू नका, फक्त कोणता सरस ते विचारा. अशा शंभर जोड्या दाखवा आणि किती बरोबर सांगितल्या ते मोजा. शंभरपैकी शंभर आल्या तर पारख पक्की. पन्नास आल्या तर तो डोळे मिटून सांगतो आहे, कारण दोहोंतलं एक उचलताना नशिबानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात.

आजाराच्या गुणांना हाच प्रश्न विचारतात. एक आजारी आणि एक निरोगी अशी जोडी घ्या. आजाऱ्याला जास्त गुण मिळाले का? मिळाले तर जोडी सुटली. कमी मिळाले तर चुकली. दोघांना सारखेच मिळाले तर अर्धा गुण. सगळ्या शक्य जोड्यांत किती सुटल्या ते प्रमाण म्हणजे सी-निर्देशांक. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या फ्रँक हॅरेल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांसाठी तो मांडला. जोड्या मोजायची कल्पना त्याहून जुनी आहे. विल्कॉक्सन यांनी १९४५ मध्ये आणि मान व व्हिटनी यांनी १९४७ मध्ये दोन गटांची तुलना याच वाटेने केली होती. निर्देशांक ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक पारख. ०.७ आला तर दहापैकी सात जोड्या सुटल्या, इतकाच त्याचा अर्थ.

या मोजमापात एक सोय आहे. गुण शंभरपैकी असोत की दहापैकी, काही बिघडत नाही. फक्त क्रम बघितला जातो.

४. नऊ माणसं, तीन पायऱ्या

आता पायऱ्या दोन नसून तीन आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून टप्पे एकत्र करू. गाळणक्षमता ६० च्या वर ते ठीक, ३० ते ५९ ते मध्यम, ३० च्या खाली ते गंभीर. एका वस्तीतली नऊ माणसं कल्पू. आधी प्रश्न विचारून त्यांचे गुण काढले आणि नंतर रक्त तपासून पायरी ठरवली.

ठीक निघालेल्या चौघांचे गुण: २, ३, ४, ६.
मध्यम निघालेल्या तिघांचे: ५, ६, ८.
गंभीर निघालेल्या दोघांचे: ७, ९.

जोड्या तीन प्रकारच्या होतात. एकेक प्रकार घेऊ.

ठीक आणि मध्यम: चार गुणिले तीन, बारा जोड्या. पाच गुणांचा मध्यम रुग्ण २, ३, ४ यांच्या पुढे आहे आणि ६ च्या मागे, म्हणून ३. सहा गुणांचा तिघांच्या पुढे आहे आणि एकाशी बरोबरीत, म्हणून साडेतीन. आठ गुणांचा चौघांच्याही पुढे, म्हणून ४. बेरीज साडेदहा. बारापैकी साडेदहा म्हणजे ०.८८.

ठीक आणि गंभीर: आठ जोड्या. ७ आणि ९ दोघेही चौघांच्या पुढे आहेत. आठपैकी आठ, म्हणजे १.

मध्यम आणि गंभीर: सहा जोड्या. सात गुणांचा गंभीर रुग्ण ५ आणि ६ च्या पुढे आहे पण ८ च्या मागे, म्हणून २. नऊ गुणांचा तिघांच्या पुढे. एकूण पाच. सहापैकी पाच म्हणजे ०.८३.

तीन आकड्यांतून एक आकडा करायचा तर दोन मार्ग आहेत. सगळ्या जोड्या एका ढिगात टाका: २६ पैकी साडेतेवीस, ०.९०. किंवा तिन्ही आकड्यांची साधी सरासरी घ्या. तीही ०.९०. या छोट्या वस्तीत दोन्ही उत्तरं एकच आली, कारण तिन्ही गट आकाराने जवळपास आहेत. खऱ्या गावात तसं नसतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पण त्याआधी एक नेहमीची चूक बघू.

५. पायऱ्या मोडल्या की काय हरवतं

तीन पायऱ्यांचा हिशेब नको म्हणून बरेच जण मध्यम आणि गंभीर यांना एकत्र करून रोगी म्हणतात आणि ठीक विरुद्ध रोगी असा एकच निर्देशांक काढतात. आपल्या वस्तीत तो वीसपैकी साडेअठरा, म्हणजे ०.९२ च्या वर येतो. छान दिसतो. पण या आकड्यात मध्यम आणि गंभीर यांची एकही जोडी नाही. आठ गुणांचा मध्यम रुग्ण सात गुणांच्या गंभीर रुग्णाच्या पुढे गेला, ही चूक हिशेबात आलीच नाही. आणि डॉक्टरांच्या दृष्टीने तीच चूक महाग आहे. कोणाला दोन महिन्यांनी बोलवायचं आणि कोणाला उद्याच अकोल्याला पाठवायचं, हा निर्णय नेमका या दोघांतला आहे.

मोडतोड उलट्या बाजूने केली, म्हणजे ठीक आणि मध्यम एकत्र करून फक्त गंभीर वेगळे काढले, तर १४ पैकी १३ जोड्या सुटतात. ०.९३. पुन्हा छान. आता ठीक आणि मध्यम यांच्यातल्या सगळ्या चुका गडप झाल्या. क्रम असलेल्या आजाराला दोन खणांत कोंबू नये, असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी. जिथे कुंपण घालाल तिथल्याच चुका दिसतात, बाकीच्या दिसत नाहीत.

६. गर्दीने फुगवलेला आकडा

आता मोठं गाव घेऊ. हजार माणसं. कल्पनेतलीच, पण प्रमाण खऱ्याच्या जवळचं: ९०० ठीक, ८० मध्यम, २० गंभीर. आणि एक असे गुण घेऊ जे ठीक-मध्यम जोड्यांत ०.८५ आणि ठीक-गंभीर जोड्यांत ०.९२ मिळवतात, पण मध्यम-गंभीर जोड्यांत ०.५० वर अडकतात. म्हणजे आजारी माणूस ओळखण्यात ते हुशार आहेत, पण आजाऱ्यांतला कोण जास्त आजारी हे सांगताना नाणं उडवतात.

जोड्या मोजा. ठीक-मध्यम ७२,०००. ठीक-गंभीर १८,०००. मध्यम-गंभीर फक्त १,६००. एकूण ९१,६००. सगळ्या एका ढिगात टाकल्या तर सुटलेल्या जोड्या ६१,२०० अधिक १६,५६० अधिक ८००, म्हणजे ७८,५६०. निर्देशांक ०.८६. अहवालात छापण्याजोगा आकडा.

आता तिन्ही आकड्यांची साधी सरासरी काढा. ०.८५, ०.९२ आणि ०.५० मिळून २.२७, भागिले तीन, ०.७६.

गुण तेच, गाव तेच, आणि आकड्यांत एवढा फरक. कारण ढिगात मध्यम-गंभीर जोड्या शंभरात दोनसुद्धा नाहीत. त्या सगळ्या चुकल्या असत्या तरी मोठा आकडा जेमतेम हलला असता. निरोगी माणसांची गर्दी आजाऱ्यांतला गोंधळ झाकून टाकते.

बेल्जियममधल्या लुव्हेनचे बेन व्हॅन कॅल्स्टर यांनी सहकाऱ्यांसोबत २०१२ मध्ये या दोन मोजमापांची तुलना केली आणि पायऱ्यांच्या जोड्यांची साधी सरासरी घेणारा निर्देशांक सुचवला. तो क्रमवार सी-निर्देशांक म्हणून ओळखला जातो. त्यात प्रत्येक दोन पायऱ्यांमधल्या तुलनेला सारखं वजन मिळतं, मग कोणत्या पायरीवर माणसं किती का असेनात. याचा आणखी एक फायदा आहे. शिबिरात निरोगी माणसं जास्त येतात आणि रुग्णालयात आजारी जास्त येतात. ढिगाचा आकडा या प्रमाणाबरोबर बदलत राहतो. सरासरीचा आकडा निदान या कारणाने तरी बदलत नाही.

सगळ्या तुलनांना सारखंच वजन द्यावं असंही नाही. ठीक माणसाला गंभीर माणसाच्या पुढे बसवणं ही दोन पायऱ्यांची चूक आहे, शेजारच्या पायरीची चूक त्यापेक्षा हलकी. दुसरीकडे, उपचाराचा निर्णय शेजारच्याच दोन पायऱ्यांवर अडत असेल तर ती तुलना जड धरावी. वजन किती हे गणित सांगत नाही. ते डॉक्टरांनी, आरोग्य खात्याने आणि रुग्णांनी मिळून ठरवायचं असतं. माझं म्हणणं असं की एक आकडा छापाच, पण त्याच्या खाली तिन्ही जोड्यांचे आकडे वेगळे छापा. चार ओळींची जागा लागते. वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की हे गुण कुठे चालतात आणि कुठे थकतात.

७. तिघे एका ओळीत

आणखी कडक परीक्षा हवी असेल तर जोडीऐवजी त्रिकूट घ्या: एक ठीक, एक मध्यम, एक गंभीर. तिघेही गुणांप्रमाणे बरोबर ओळीत लागले तरच पास. आपल्या नऊ जणांत अशी २४ त्रिकुटं होतात आणि बरोबरीला अर्धा गुण धरला तर १७ पास होतात, म्हणजे ०.७१. जोड्यांच्या ०.९० पुढे हा आकडा पडका वाटेल, पण तसा तो नाही. तिघांना सहा प्रकारे ओळीत लावता येतं, त्यामुळे नशिबाने पास होण्याची शक्यता सहात एक, ०.१७ एवढीच. पायऱ्या चार झाल्या तर नशिबाचा वाटा चोवीसात एक. म्हणून आकडा वाचण्याआधी नशिबाने किती मिळालं असतं हे विचारून घ्यावं. ते माहीत नसेल तर ०.७१ चांगला की वाईट, काहीच म्हणता येत नाही.

८. क्रम बरोबर, आकडा चूक

आतापर्यंत आपण फक्त पारख तपासली. आपल्या नऊ जणांच्या गुणांत प्रत्येकी दहा मिळवा. २ चे १२ झाले, ९ चे १९ झाले, आणि एकाही जोडीचा निकाल बदलला नाही. म्हणजे निर्देशांकाला क्रम कळतो, जोखमीची खरी मात्रा कळत नाही. डॉक्टर जेव्हा रुग्णाला म्हणतात की पाच वर्षांत किडनी निकामी होण्याची शक्यता वीस टक्के आहे, तेव्हा तशा शंभर रुग्णांपैकी खरोखर वीस जणांची किडनी निकामी झाली का, ही वेगळी तपासणी आहे.

याचं चांगलं उदाहरण किडनीच्याच क्षेत्रात आहे. कॅनडात नवदीप तांगरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये किडनी निकामी होण्याच्या जोखमीचं समीकरण मांडलं. त्याच्या सोप्या रूपात वय, लिंग, गाळणक्षमता आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण या चारच गोष्टी लागतात. २०१६ मध्ये जगभरातल्या ३१ अभ्यासगटांतल्या सात लाखांहून अधिक रुग्णांवर ते तपासलं गेलं. पारख उत्तम टिकली, सी-निर्देशांक ०.९ च्या आसपास आला. पण उत्तर अमेरिकेबाहेरच्या बहुतेक गटांत समीकरण जोखीम फुगवून सांगत होतं. दोन वर्षांची मूळ जोखीम सुमारे एक तृतीयांशाने आणि पाच वर्षांची सुमारे एक षष्ठांशाने कमी केल्यावर आकडे जुळले. कोण आधी, कोण नंतर हे बाहेरच्या देशातही बरोबर होतं, कोणाला किती हे मात्र नव्याने जुळवावं लागलं. बाहेरून आणलेले कोणतेही गुण आपल्या जिल्ह्यात वापरताना या दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात, आणि पहिलीत पास झालेले गुण दुसरीतही पास आहेत असं धरून चालत नाही.

तपासणी कोणत्या माणसांवर झाली हेही बघावं. एका बाजूला डायलिसिसवरचे रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला तरुण निरोगी विद्यार्थी घेतले, तर वयावरूनही जोड्या सुटतील आणि निर्देशांक आभाळाला भिडेल. संग्रामपूरच्या शिबिरात आलेले सगळे पन्नाशीचे शेतकरी असतील तर तेच गुण धापा टाकतील. गुणांत काही बिघाड झालेला नसतो, जोड्या अवघड झालेल्या असतात.

९. पाण्याला शून्य गुण?

शेवटचा मुद्दा खारपाणपट्ट्याला सर्वांत जवळचा आहे आणि चुकीचा वाचला गेला तर नुकसान करणारा आहे.

समजा संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावासाठी गुण तयार केले. त्यात वय, रक्तदाब, साखर आणि अंगदुखीच्या गोळ्या हे प्रश्न आहेत. मग कोणी सुचवलं की पिण्याच्या पाण्यातले क्षारही धरा. गावात सगळे एकाच खारट बोअरचं पाणी पितात, म्हणून प्रत्येकाला पाण्याचे दोन गुण मिळाले. निर्देशांक किती वाढला? अजिबात नाही. प्रत्येकाच्या गुणांत दहा मिळवून बघितलं होतं तेच पुन्हा झालं. सगळे सारखे वर सरकले, क्रम तोच राहिला.

यावरून अहवालात वाक्य येऊ शकतं की पाण्यामुळे जोखमीच्या अंदाजात काही भर पडत नाही. वाक्य खरं आहे. पण वाचणारा त्याचा अर्थ लावतो की पाण्याचा आजाराशी संबंध नाही, आणि तो अर्थ या आकड्यातून निघत नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये हा भेद स्वच्छ मांडला. एका समूहातला अमुक माणूस आजारी का पडला हा एक प्रश्न आणि तो समूहच दुसऱ्यापेक्षा जास्त आजारी का हा दुसरा. सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलेलं कारण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दिसतच नाही, मग ते कितीही मोठं असो. गावातला प्रत्येक जण दिवसाला वीस सिगारेटी ओढत असता तर फुप्फुसाचा कर्करोग अनुवंशिक वाटला असता, अशा धर्तीचा त्यांचा युक्तिवाद होता.

क्षारांचा खरा वाटा दिसायचा असेल तर जोडी बदलावी लागते. एक माणूस घाटाखालचा घ्या, एक घाटावरचा. घाटावरचा साठ वर्षांचा, वयाचे तीन गुण, गाळणक्षमता ठीक. घाटाखालचा पंचेचाळीसचा, वयाचे दोन गुण, गाळणक्षमता मध्यम. नुसत्या वयावर जोडी चुकते: जास्त आजारी माणसाला कमी गुण. पाण्याचे दोन गुण मिळवले की घाटाखालच्याचे चार होतात, घाटावरच्याचे तीनच राहतात आणि जोडी सुटते. अशा हजारो जोड्यांत पाण्याने निर्देशांक वाढतो का, तीन पायऱ्यांपैकी कोणत्या पायऱ्यांमध्ये वाढतो, आणि वय, शेतातलं काम, रक्तदाब सारखा असलेल्या माणसांतही वाढतो का, हे मोजता येतं. त्यानेही कारण सिद्ध होणार नाही, कारण घाटाखाली आणि घाटावर पाण्याखेरीज ऊन, पिकं, डॉक्टरपर्यंतचं अंतर अशा आणखी कितीतरी गोष्टी वेगळ्या आहेत. पण शोध कुठे चालवायचा ती जागा कळेल.

म्हणून अशा भागातल्या कोणत्याही गुणपत्रिकेसाठी मला दोन निर्देशांक वेगळे छापलेले हवेत: एक गावातल्या गावात लावलेल्या जोड्यांचा, दुसरा वेगवेगळ्या पाण्याच्या गावांमध्ये लावलेल्या जोड्यांचा, आणि दोन्ही पायरीपायरीने. पहिल्यावरून आशाताईंनी आज कोणत्या घरी आधी जायचं ते ठरेल. गोड्या पाण्याचा नळ कोणत्या गावात आधी पोचवायचा याचा विचार करताना दुसराच आकडा हाताशी लागेल, आणि तो आकडा संग्रामपूर आणि चिखलीची माणसं एकाच यादीत घेतल्याशिवाय निघणार नाही.